नर्मदेची रोजनिशी

चित्रपटगृहांत मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वीं दहा-पंधरा मिनिटांचा एक लहानसा सरकारी चित्रपट दाखविला जात असे, हें पुष्कळ श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. कोठें कालवा निघाला, कोठें कारखाना उभा राहिला, कोणत्या प्रांतांत कोणतें नृत्य चालतें, अशी माहिती त्यांत असे. आणि पडद्यामागून एक भारदस्त आवाज ती प्रेक्षकांना समजावून देत असे. १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्यानें असे असंख्य चित्रपट काढले. त्यांना अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. कल्पित कथा आणि नटनटी यांच्याऐवजीं खरीं माणसें, खऱ्या जागा व प्रत्यक्ष घडलेले प्रसंग यांवर ज्याची उभारणी होते, तो अनुबोधपट.

या कलेची दुसरीहि एक शाखा आहे, आणि तिचा परिचय आपल्या सुशिक्षित घरांना त्या मानानें कमी आहे. तिला स्वतंत्र अनुबोधपट म्हणतात. स्वतंत्र या शब्दाचा अर्थ येथें फार साधा आहे. पैसा कोणाचा, विषय कोणीं निवडला, आणि कोणता तुकडा ठेवावा व कोणता कापावा हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर चित्रपट काढणाऱ्याच्याच नांवानें देतां येत असेल, तर तो चित्रपट स्वतंत्र. असा चित्रपट कसा निर्माण होतो, त्याला किंमत काय पडते आणि त्यानें काय साधतें, हें समजून घेण्यासाठीं खानदेशाच्या उत्तर टोंकास घडलेलें एक उदाहरण मोठें बोधप्रद आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनीं १९९५ सालीं पूर्ण केलेला 'नर्मदा डायरी' हा चित्रपट, म्हणजेच नर्मदेची रोजनिशी, तें हें उदाहरण होय.

खानदेश म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तापीचें खोरें येतें. जळगांवकडील केळीच्या बागा, कपाशीचीं काळीं शेतें, धुळ्याची पांझरा नदी, असें तें चित्र असतें. परंतु या प्रदेशाला दुसरीहि एक मोठी नदी आहे. सातपुड्याच्या रांगा ओलांडून उत्तरेस उतरलें कीं नर्मदा लागते. सुमारें ५४ किलोमीटरपर्यंत ती महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. तिच्या दक्षिण तीरावरील अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होते. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला, तेव्हां ते त्यांत गेले. मणिबेली, चिमलखेडी, दोमखेडी, निमगव्हाण हीं या तीरावरील गांवें. येथें भिल्ल, पावरा व तडवी लोकांची वस्ती. घरें एकमेकांना लागून नाहींत; प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर, आपापल्या शेतापाशीं. ज्या वर्षांची ही हकीकत आहे त्या वर्षांत तेथें पोंचावयाचें म्हणजे डोंगर पायीं उतरावा लागे, किंवा नदीनें होडींतून जावें लागे.

धुळें शहराला कागदाचें मोल सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें १९२६ सालीं तेथेंच निधन झालें, आणि त्यांनीं जमविलेलीं दप्तरें सांभाळण्यासाठीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जुन्या घराण्यांपाशीं सनदा होत्या, वतनपत्रें होतीं, निवाडे होते; म्हणून त्यांचा इतिहास लिहितां आला. परंतु त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोंकावरील माणसापाशीं कागद नव्हता. अक्राणीच्या डोंगरांत पुष्कळशी जमीन सरकारदरबारीं जंगलाची म्हणून नोंदलेली. बापजाद्यांपासून ती कसणारा शेतकरी कागदोपत्रीं अतिक्रमण करणारा ठरे. सातबाऱ्याचा उतारा नाहीं, म्हणजे जमीन नाहीं. आणि जमीन नाहीं, म्हणजे ती गेल्याची भरपाईहि नाहीं. नर्मदेवर धरण बांधण्याचें काम सुरू झालें, तेव्हां या कागदाच्या अभावाला प्राणांतिक महत्त्व आलें.

त्या धरणाची हकीकत थोडक्यांत अशी. ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं गुजरातेंत त्याचा पायाभरणी-समारंभ केला. पाण्याच्या वांटणीवरून राज्यांत वाद झाला. १९६९ सालीं लवाद नेमला गेला आणि १९७९ सालीं त्याचा निवाडा बाहेर पडला. वांटणींत २८ दशलक्ष एकरफूट पाणी धरलें होतें. त्यांतील १८.२५ मध्य प्रदेशास, ९ गुजरातेस, ०.५ राजस्थानास आणि अवघें ०.२५ महाराष्ट्रास मिळालें. सरदार सरोवराच्या विजेपैकीं मात्र शेंकडा २७ भाग महाराष्ट्राच्या वांट्यास आला. या सरोवराखालीं सुमारें ३७ हजार हेक्टर जमीन जावयाची होती आणि २४५ गांवांना त्याची झळ पोंचणार होती. त्यांपैकीं १९३ मध्य प्रदेशांतलीं, १९ गुजरातेंतलीं आणि ३३ महाराष्ट्रांतलीं. हीं तेहतीस गांवें म्हणजेच अक्कलकुवा व अक्राणी येथील नर्मदाकांठ. पाणी चढण्यापूर्वीं निदान एक वर्ष विस्थापितांची नवी सोय झालेली असावी, आणि ज्याची जमीन जाईल त्याला जमीनच मिळावी, असें लवादानें बजावलें होतें. प्रत्यक्षांत तसें होत आहे काय, याच प्रश्नावरून नर्मदा बचाव आंदोलन उभें राहिलें.

या खोऱ्यांत अभ्यासकहि आले होते. विस्थापितांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवून अहवाल देण्याचें काम महाराष्ट्र सरकारनें मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोंपविलें होतें. आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर याहि याच संस्थेंतून बाहेर पडून १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास या खोऱ्यांत आल्या. पुढें जागतिक बँकेनेंच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनें जून १९९२ मध्यें आपला अहवाल दिला. त्यांत पुनर्वसनाच्या व्यवस्थेवर कडक ठपका होता. आणि मार्च १९९३ मध्यें बँकेचें उरलेलें कर्ज थांबलें. अहवालाचें सामर्थ्य यावरून ध्यानांत येतें. पण अहवाल वाचणारा एक असतो आणि ज्याच्यासंबंधीं तो लिहिला जातो तो दुसरा असतो. निरक्षर माणसाला स्वतःची हकीकत स्वतःच्या बोलींत, स्वतःच्या तोंडानें सांगतां यावी, आणि ती दूरच्या शहरांतील माणसाला ऐकूं यावी, हें काम अहवालाचें नव्हे. तेथें अनुबोधपटाची गरज पडते.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १९५० सालीं मुंबईंत झाला. बेचाळीसच्या चळवळींत भूमिगत राहून काम करणारे अच्युतराव पटवर्धन आणि नगरचे रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे चुलते. आई निर्मला पटवर्धन या कुंभारकलेंतील नामवंत कलावती. मुंबई विद्यापीठांतून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते अमेरिकेंत ब्रँडाइस विद्यापीठांत समाजशास्त्र शिकावयास गेले आणि १९७२ सालीं ती पदवीहि त्यांनीं मिळविली. व्हिएतनाम-युद्धाच्या विरोधाचा तो काळ होता. कॅलिफोर्नियांतील शेतमजुरांच्या संघटनेंतहि त्यांनीं स्वयंसेवक म्हणून काम केलें. परत आल्यावर ते मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत किशोर भारती या ग्रामशिक्षणाच्या संस्थेंत राहिले. योगायोग असा कीं, हा जिल्हाहि नर्मदेच्याच कांठचा. त्याला आतां नर्मदापुरम् म्हणतात. विद्यापीठांतून निघून थेट खेड्यांत रहावयास गेलेल्या या तरुणाला चित्रपटाचें रीतसर शिक्षण नव्हतें.

१९७४ सालीं बिहारांत जयप्रकाश नारायण यांचें आंदोलन पेटलें आणि पटवर्धन तेथें गेले. उसन्या आणलेल्या लहान घरगुती कॅमेऱ्यानें त्यांनीं दृश्यें टिपलीं, तीं पडद्यावर दाखवून पुन्हां मोठ्या फितीवर घेतलीं, आणि त्यांतून 'क्रांति की तरंगें' हा पहिला चित्रपट १९७५ सालीं तयार झाला. तोंच आणीबाणी आली. चित्रपटाचे तुकडे करून ते गुपचूप परदेशीं पाठवावे लागले. पुढें कॅनडांत मॅक्गिल विद्यापीठांत संज्ञापन-शास्त्राचा अभ्यास करतांना त्यांनीं प्रबंधासाठीं याच चित्रपटाचा विषय घेतला. साधन तुटपुंजें असतां आणि राज्यकर्ते प्रतिकूल असतां चित्रपट कसा काढावा, याचा विचार त्यांनीं असा पुस्तकी व व्यवहारी अशा दोन्ही वाटांनीं केला. राजकीय बंद्यांवरील 'ज़मीर के बंदी' १९७८ सालचा. मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात असतांना काढलेला 'हमारा शहर' १९८५ सालचा. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. अयोध्येच्या वादावरील 'राम के नाम' १९९२ सालचा. त्यालाहि तो मान मिळाला.

सिमंतिनी धुरू यांची वाट शिक्षणक्षेत्राची. मुंबईच्या अवेही-अबॅकस प्रकल्पाचें नेतृत्व त्यांनीं केलें, आणि या प्रकल्पानें महापालिकेच्या शाळांतील पांचवी ते सातवीच्या मुलांसाठीं 'संगती' नांवाचा अभ्यासक्रम तयार केला. पाठ्यपुस्तकांतील सुटी सुटी माहिती मुलाच्या रोजच्या जगण्याशीं जोडून द्यावी, अन्न, पाणी, निवारा, समाज यांचा संबंध त्याला स्वतःच विचार करून उमगावा, असा त्याचा हेतु. एक अनुबोधपटकार आणि एक शिक्षणतज्ज्ञ असे दोघे मिळून नर्मदेच्या खोऱ्यांत गेले, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्यांच्या चित्रपटाची रीत उलगडते.

रीत अशी कीं, चित्रपटाला त्यांनीं रोजनिशीचें रूप दिलें. वर्तमानपत्राचा बातमीदार मोर्चाच्या दिवशीं येतो आणि संध्याकाळीं निघून जातो. सरकारी अनुबोधपटाचें पथक येतें तेव्हां काय सांगावयाचें याची संहिता बहुधा आधींच लिहिलेली असते. माणसें तेवढीं त्या संहितेला शोभणारीं शोधावयाचीं असतात. रोजनिशी लिहिणाऱ्याला मात्र उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. तो आजची नोंद करतो आणि पुन्हां येतो. पटवर्धन व धुरू हे खोऱ्यांत असे अनेकदां गेले. १९९० च्या आसपास सुरू झालेलें हें काम पुरें व्हावयास १९९५ साल उजाडलें. त्या कालावधींत संघर्षयात्रा झाली, उपोषणें झालीं, मणिबेलींत पोलिसांचा तळ पडला, १९९३ च्या पावसाळ्यांत तेथील घरांत पाणी शिरलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अक्राणी तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत एक पंधरा वर्षांचा आदिवासी मुलगा मृत्यु पावला. मणिबेलीजवळचें शूलपाणेश्वराचें जुनें देऊळहि पुढें पाण्याखालीं गेलें, आणि गुजरातेंत गोरा येथें नवें देऊळ बांधण्यांत आलें.

या चित्रपटांत आंदोलनाच्या घोषणा आहेत, तसेच सणहि आहेत. सातपुड्यांतील होळी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना तिचा अर्थ सांगावयास नको. अंगावर राखेचे ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले आणि कमरेला सुक्या भोपळ्यांची माळ बांधलेले पुरुष रात्रभर नाचतात. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनांत हेंच नृत्य दिल्लीच्या प्रेक्षकांपुढें आलें म्हणजे तें केवळ शोभेचें दृश्य होतें. तेंच नृत्य ज्या अंगणांत चालतें, तें अंगण बुडणार आहे हें ठाऊक असतांना तें पाहणें ही निराळी गोष्ट. एकच दृश्य, परंतु त्याच्या मागें-पुढें काय जोडलें आहे यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. चित्रपटाच्या भाषेंत याला संकलन म्हणतात, आणि अनुबोधपटाचें खरें मत बहुधा या जोडणींतच असतें, निवेदकाच्या आवाजांत नव्हे.

येथें एक आक्षेप येतो आणि तो टाळतां येणार नाहीं. असा चित्रपट एकांगी नव्हे काय? धरणाचें पाणी सौराष्ट्र व कच्छ या तहानलेल्या प्रदेशांपर्यंत न्यावयाचें होतें, आणि तें पुढें तेथें पोंचलेंहि. त्या तहानेची बाजू कोणीं मांडावी? हा आक्षेप खरा आहे, आणि पटवर्धन यांनींहि आपण तटस्थ असल्याचा आव कधीं आणलेला नाहीं. पण एक गोष्ट तोलून पाहिली पाहिजे. धरणाच्या बाजूनें बोलण्यासाठीं सरकारी प्रसिद्धिखातें होतें, जाहिराती होत्या, आकाशवाणी-दूरदर्शन होतें. मणिबेलीच्या माणसापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. न्यायासनापुढें दोन्ही पक्षांचे वकील उभे राहिले म्हणजेच न्याय होतो. एका पक्षाला वकीलच नसेल तर न्यायाधीश कितीहि निःपक्षपाती असो, तो अपुरें ऐकतो. स्वतंत्र अनुबोधपट हा अशा पक्षाचा वकील आहे. त्याचें म्हणणें अखेरचा निकाल म्हणून घ्यावयाचें नाहीं. पण तें ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, एवढी त्याची मागणी असते.

असे वकील फार का नाहींत, याचें कारण खर्चांत आहे. १६ मिलिमीटर फितीचें चारशें फुटांचें एक रीळ अकरा मिनिटांत संपतें. तें विकत घ्यावयाचें, धुवावयाचें, त्यावरून प्रत काढावयाची. टिपलेल्या दृश्यांपैकीं बहुतेक भाग शेवटीं बाजूस पडतो. पटवर्धन हे कॅमेरा स्वतः चालवितात आणि संकलनहि स्वतःच करतात, त्याला आवडीबरोबर हेंहि एक कारण असावें. चित्रपट तयार झाल्यावर तो दाखवावयाचा कोठें, हा दुसरा प्रश्न. चित्रपटगृहांत त्याला जागा नाहीं. दूरदर्शनवर यावा तर परवानगी नाहीं. ज्या चित्रपटांना सरकारनेंच राष्ट्रीय पारितोषिकें दिलीं, तेच दाखविण्यास सरकारी दूरदर्शन तयार नव्हतें. 'हमारा शहर' व 'राम के नाम' यांसाठीं न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' या १९९५ सालच्या चित्रपटाचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००६ सालीं सुटला. अणुबाँबविषयींच्या 'जंग और अमन' मधील अनेक भाग कापावेत असें परिनिरीक्षण मंडळानें सांगितलें, तेव्हां २००३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो कांहीं न कापतां दाखविण्याची मोकळीक दिली. दरम्यान हे चित्रपट वस्त्यांतून, महाविद्यालयांतून, कामगारांच्या सभांतून दाखविले जात राहिले. 'नर्मदा डायरी'ला १९९६ सालीं फिल्मफेअरचें अनुबोधपटाचें पारितोषिक मिळालें.

चित्रपटानें धरण थांबलें नाहीं. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें काम सुमारें ८० मीटर उंचीवर थबकलें, आणि कांहीं वर्षें आशा टिकली. १८ ऑक्टोबर २००० रोजीं तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं धरण पुढें नेण्यास संमति दिली. न्यायमूर्ति भरुचा यांनीं आपला भिन्न निवाडा लिहिला. १७ सप्टेंबर २०१७ रोजीं धरण राष्ट्रास अर्पण झालें, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोंचलें. नर्मदाकांठचीं कित्येक कुटुंबें सपाटीवरील नव्या वसाहतींत गेलीं. कांहीं डोंगरांतच वर सरकून राहिलीं. आंदोलनानें सुरू केलेल्या जीवनशाळांतून त्यांचीं मुलें शिकलीं. शाळेला पूर्वीं शिक्षकच येत नसे अशा गांवांत या शाळांनीं मुलांच्या पावरी व भिलोरी बोलींतून आरंभ करून अक्षरओळख दिली.

पटवर्धन यांचें काम त्यानंतरहि चालूंच राहिलें. १९९७ सालीं मुंबईच्या रमाबाई नगरांत गोळीबार झाला, दहा माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्या दुःखानें शाहीर विलास घोगरे यांनीं आत्महत्या केली. त्या दिवसापासून चौदा वर्षें चित्रण करून २०११ सालीं 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पूर्ण झाला. २०१४ सालीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत त्यांना व्ही. शांताराम यांच्या नांवाचा जीवनगौरव मिळाला. 'विवेक' हा चित्रपट २०१८ सालीं आम्स्टरडॅमच्या महोत्सवांत सर्वश्रेष्ठ ठरला. आणि २०२३ सालीं त्यांनीं स्वतःच्या आईवडिलांच्या आठवणींवर 'वसुधैव कुटुंबकम्' काढला. प्रत्येक वेळीं रीत तीच: पुन्हां पुन्हां जाणें आणि वाट पाहणें.

आतां एका प्रश्नाचा विचार करूं. धरण झालें, गांव बुडालें, मग त्या चित्रपटाचा उपयोग काय? राजवाडे यांनीं दप्तरें गोळा केलीं, तेव्हां त्यांतील राज्यें केव्हांच लयास गेलीं होतीं. तरी त्या कागदांवांचून आज कोणालाहि मराठ्यांचा इतिहास लिहितां येत नाहीं. मणिबेलीच्या माणसापाशीं कागद नव्हता. सातबारा नव्हता, सनद नव्हती. त्याचें घर कोठें होतें, अंगण केवढें होतें, होळीच्या रात्रीं तो कसा नाचला आणि अधिकाऱ्यापुढें उभा राहून तो काय म्हणाला, याचा पुरावा आतां नदीच्या तळाशीं आहे आणि त्या फितींत आहे. नंदुरबारकडील एखादा तरुण उद्यां आपल्या आजोबांचें गांव पाहूं इच्छील, तेव्हां त्याला नकाशावर निळा रंग दिसेल. त्या निळ्या रंगाखालीं कोण रहात होतें हें त्याला दाखवावयास ही रोजनिशी उरली आहे.